फुकुशिमातल्या बंद शाळेची त्रिमितीय नोंद: दिवसवार

पहिला दिवस: नामिए आणि उकेदो

तोक्योहून निघणारी जोबान मार्गाची जलद गाडी तोमिओका, ओनो, फुताबा, नामिए ही स्थानकं घेत सेंदाईला जाते. ११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्यामागोमागच्या अणुदुर्घटनेत खंडित झालेला हा लोहमार्ग १४ मार्च २०२० ला पुन्हा सलग सुरू झाला. माणसांना इथवर येणं त्यामुळे सोपं झालंय, सामानाला मात्र नाही. लेझर स्कॅनर (आसपासचे पृष्ठभाग असंख्य बिंदूंनी मोजणारं यंत्र), एक उंच आणि एक ठेंगणी तिवई, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), दोन कॅमेरे, चार एलईडी दिवे, एक मीटर लांबीच्या चार मोजपट्ट्या, स्कॅन एकमेकांना जुळवण्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखी काळीपांढरी चाळीस लक्ष्यं आणि या सगळ्याला पुरतील एवढ्या बॅटऱ्या न्यायच्या तर व्हॅनच लागते. शाळेत वीज नाही. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून हिशोबापेक्षा निम्म्याने जास्त घ्याव्यात.

नोव्हेंबर निवडला त्याला कारणं आहेत. उन्हाळ्यात अंगभर संरक्षक पोशाख आणि मास्क घालून अर्ध्या तासापुढे नेटकं काम होत नाही, शिवाय गवत आणि वेली खिडक्यांवर चढलेल्या असतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं बरीच गळतात आणि गांधीलमाश्यांची पोळी थंडावतात. रिकाम्या इमारतींच्या छपराखाली ही पोळी हमखास असतात आणि इथली मोठी गांधीलमाशी जीवघेणी ठरू शकते.

मुक्काम नामिएत. या नगराच्या काही भागातला स्थलांतराचा आदेश ३१ मार्च २०१७ ला उठला, त्यामुळे राहण्या-जेवण्याची सोय होते. दुपारी उकेदोची प्राथमिक शाळा पाहून घेतली. समुद्रापासून सुमारे ३०० मीटरवर असलेल्या या शाळेवर त्सुनामी आली. शाळेत असलेली सगळी मुलं आणि शिक्षक दीडेक किलोमीटरवरच्या ओहिरायामा टेकडीकडे निघाले आणि वाचले. ऑक्टोबर २०२१ पासून ती इमारत आपत्तीचं स्मारक म्हणून लोकांना खुली आहे. खालच्या मजल्यावर वाकलेल्या लोखंडी चौकटी आणि उखडलेल्या भिंती दिसतात.

उकेदो आधी पाहावं ते फरक ध्यानात यावा म्हणून. तिथे इमारतच साक्षीदार आहे आणि ती जागेवर राहणार आहे. आमची शाळा ओकुमा नगराच्या हद्दीत, अणुवीजकेंद्राभोवतीच्या अंतरिम साठवण क्षेत्रात येते. ओकुमा आणि फुताबा मिळून सुमारे १६ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र. फुकुशिमाभर खरवडून काढलेली सुमारे १.४ कोटी घनमीटर माती इथे आणून ठेवली आहे. ती मार्च २०४५ पर्यंत प्रांताबाहेर नेऊन तिची अंतिम विल्हेवाट लावायची असं कायद्यात आहे. आमच्या शाळेत पाणी आलं नाही. मुलं बाहेर पडली, दुसऱ्या दिवशी पहाटे ५:४४ ला अणुवीजकेंद्रापासून १० किलोमीटरच्या आतल्यांना निघायचा आदेश झाला, आणि वर्ग होते तसेच राहिले. इमारत किती वर्षं उभी राहील याची खात्री देता येत नाही. भिंतीचं माप नकाशावरूनही मिळेल, पण कोणती वस्तू कुठे आणि कशी पडली आहे हे फक्त तिथेच आहे, आणि ते एकदा विस्कटलं की परत मांडता येत नाही. पुढचं सगळं काम या एका गोष्टीसाठी.

शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. आत मुलांच्या नावानिशी वस्तू आहेत आणि रिकाम्या झालेल्या या पट्ट्यात चोऱ्या झालेल्या आहेत.

दुसरा दिवस: काही न लावता एक फेरी

आत जायला नगराची परवानगी लागते. प्रत्येक माणसाचं नाव, गाडीचा क्रमांक, मार्ग आणि हेतू आधी कळवावा लागतो, आणि गेटवर ओळखपत्र व परवाना ताडून पाहतात. ऐनवेळी माणूस किंवा गाडी बदलली तर दिवस गेला. रहिवाशांच्या तात्पुरत्या प्रवेशासाठी सकाळी ९ ते दुपारी ४ ही चौकट असते आणि आत जास्तीत जास्त ५ तास मिळतात. आम्हीही त्याच चौकटीत आखणी केली. पोशाख चढवणं, सामान गुंडाळणं, बाहेर पडताना उलगडणं आणि तपासणी धरली तर हाताला साडेतीन तास लागतात. आखणी त्या साडेतीन तासांची करायची, पाचाची नाही.

डोक्याला हेल्मेट, अंगावर एकदाच वापरायचा पांढरा पोशाख, हातात सुती मोज्यांवर रबरी मोजे, बुटांवर आवरण, नाकातोंडावर धूळ गाळणारा मास्क आणि छातीशी, अंगाला लागणारा किरणोत्सार मोजणारा वैयक्तिक डोसमापक. या पोशाखाने गॅमा किरण अडत नाहीत. तो धूळ अंगाला लागू नये म्हणून असतो, आणि इथे सांभाळायची ती धूळच. दुर्घटनेत पसरलेलं किरणोत्सारी सीझियम मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटून बसतं. सीझियम-१३४ चं अर्धायुष्य सुमारे दोन वर्षांचं, ते जवळजवळ संपलं. उरलंय ते सीझियम-१३७, अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं.

म्हणून पहिल्या फेरीत स्कॅनर गाडीतच ठेवला. बरोबर फक्त किरणोत्सार मोजणारा एक सर्व्हे मीटर, एक कॅमेरा आणि कागदी नकाशा. मीटरचा शोधक भाग पॉलिथिनच्या पिशवीत घालायचा आणि प्रत्येक ठिकाणी ३० सेकंद थांबून आकडा वाचायचा. मीटरचा प्रतिसाद १० सेकंदांचा असेल तर त्याच्या तिप्पट थांबल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही. चालता चालता वाचलेले आकडे निरुपयोगी. जपानमध्ये प्राथमिक शाळेत जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आणि माध्यमिक शाळेत १ मीटरवर मोजायची रीत आहे. आम्ही दोन्ही उंचींवर मोजलं, म्हणजे जुन्या नोंदींशीही ताडता येईल आणि मोठ्या माणसाला मिळणारा डोसही कळेल.

आकड्यांची ठेवण बहुतेक काँक्रीटच्या इमारतींत सारखीच असते. मधल्या भागात कमी, खिडकीजवळ जास्त, अंगणात गवतावर त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त पावसाच्या पाइपांच्या तोंडाशी, जिथे छपरावरचं पाणी वर्षानुवर्षं एकाच जागी सांडलंय. हा नकाशा हातात आला की जेवणाची, बॅटरी बदलायची, थांबायची जागा कमी आकड्याच्या कोपऱ्यात ठरवता येते. हिशोब सोपा आहे: तासाला २ मायक्रोसीव्हर्ट (डोसचं एकक) असलेल्या जागी ५ तास म्हणजे १० मायक्रोसीव्हर्ट. या पातळीला कॅमेऱ्याच्या सेन्सरवर काहीही परिणाम दिसत नाही. अणुभट्टीच्या आतल्या चित्रफितींत दिसणारे पांढरे ठिपके फार मोठ्या तीव्रतेच्या किरणोत्साराने उमटतात, इथे त्यांची काळजी नको.

त्याच फेरीत चालायची वाट ठरते. वर्गात शिरताना जिथे वस्तू पडलेली नाही अशी पट्टी निवडायची, तिच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या वजनदार पायांवर उभ्या राहणाऱ्या काठ्या लावून दोरी बांधायची, आणि नंतर कोणीही दोरीबाहेर पाय टाकायचा नाही. जिथे छत गळलंय तिथे लाकडी जमीन वरून धड दिसते आणि खालून कुजलेली असते. काठीने ठोकून पाहावं. बद्द आवाज आला तर त्या खोलीचं काम दारातूनच करावं. रानडुकरं आणि इतर प्राणी आत येऊन गेलेले असतात. त्यांच्या खुणा दिसतील तिथे त्याही टिपाव्यात, म्हणजे पुढे कोणी एखादी उलटलेली खुर्ची पाहून ती भूकंपाने पडली असं समजणार नाही.

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू ११ मार्च २०११ लाच पडली असं धरून चालत नाही. १३ फेब्रुवारी २०२१ ला ७.३ आणि १६ मार्च २०२२ ला ७.४ तीव्रतेचे मोठे धक्के याच किनाऱ्याबाहेर बसले. मधल्या काळात पालक आणि शिक्षक काही वस्तू न्यायला आले असतील. त्यामुळे नगराकडे किंवा शिक्षकांकडे असलेली आधीची छायाचित्रं मिळवून वर्गनिहाय लावली. फरक दिसला तिथे नोंदीत ‘२०२१ पूर्वी उभं, आता आडवं’ असं सरळ लिहायचं. धुळीतही पुरावा असतो. बाजूने तिरपा उजेड टाकला की हललेल्या वस्तूची जुनी जागा स्वच्छ चौकोनासारखी दिसते.

संध्याकाळी परतताना तपासणी केंद्रावर माणसं, बूट, गाडीची चाकं आणि सामान सगळं मोजतात. बाहेर पडायची मर्यादा मीटरने मिनिटाला टिपलेल्या १३,००० किरण-ठोक्यांची. तिवईचे पाय आणि बुटांचे तळवे याच जागी अडतात.

तिसरा दिवस: स्कॅनर

सकाळ बाहेरच्या बिंदूंवर गेली. परवानगी घेऊन अंगणातल्या काँक्रीटच्या कडेवर सहा पक्के बिंदू बसवले. तीन उघड्या आकाशाखाली, जिथे उपग्रहावरून स्थान घेता येतं. बाकीचे इमारतीच्या दोन्ही टोकांच्या दारांसमोर. टोटल स्टेशनने हे बिंदू एकमेकांशी बांधून मोजणीचा वळसा सुरुवातीच्या बिंदूवर परत आणून मिटवला. जपानच्या समतल निर्देशांक पद्धतीत फुकुशिमा नवव्या विभागात येतो आणि आधार, म्हणजे निर्देशांक ज्यावर बेतलेले असतात ती चौकट, जेजीडी २०११ हा घ्यायचा. शाळेचे जुने नकाशे मात्र भूकंपाआधीच्या आधारावर असतात. ११ मार्चच्या भूकंपात जमीनच सरकली: मियागी प्रांतातल्या ओशिका द्वीपकल्पावरचं भूमापनाचं स्थानक सुमारे ५.३ मीटर पूर्व-आग्नेयेला गेलं आणि सुमारे १.२ मीटर खचलं. फुकुशिमाचं सरकणं त्याहून कमी, पण जुना आराखडा आणि नवं मोजमाप सरळ एकावर एक ठेवलं तर जुळणार नाही. दोष आपल्या मोजणीत शोधत बसण्याआधी आधार कोणता ते पाहावं.

आत लक्ष्यं भिंतीला चिकटवायची नाहीत, चिकटपट्टी काढताना रंगाचा पापुद्रा येतो. फळा लोखंडी असल्यामुळे चुंबकाने लावायचा मोह होतो, तेही नाही. लक्ष्यं आपल्याच स्टँडवर, मोकळ्या जमिनीवर. एका स्कॅनजागेवरून किमान तीन दिसली पाहिजेत आणि ती एका ओळीत नसावीत.

दुमजली, बारा वर्गांची शाळा धरली तर मांडणी अशी होते. वर्गाचं नेहमीचं माप साधारण ७ बाय ९ मीटर. मोकळ्या खोलीला दोन जागा पुरतात, पण बाकं असलेल्या वर्गाला पाच लागतात, कारण बाकांखालची जमीन वरून दिसत नाही. चार जागा डोळ्याच्या उंचीवर आणि एक ठेंगण्या तिवईवर, साठेक सेंटिमीटरवर. मुलांच्या पिशव्या बाकाच्या बाजूच्या आकड्यांना लटकतात आणि वह्या बाकाच्या पोटात असतात. ठेंगणी जागा गाळली तर नोंदीत नेमकी तीच पोकळी राहते. वर्गांच्या ६० जागा, ६० मीटर लांबीच्या दोन व्हरांड्यांत दर ५ मीटरला एक म्हणजे २४, दोन जिन्यांना ८. झाल्या ९२. १० मीटरवर ६ मिलिमीटर अंतराची जाळी आणि सोबत छायाचित्रं घेतली तर एका जागेला साधारण दोन मिनिटं लागतात. हलवणं, समतल करणं, दोरीबाहेर न जाणं यात आणखी दोन. म्हणजे सहा तासांच्या वर. साडेतीन तासांच्या दिवसात हे बसत नाही, म्हणून पहिल्यांदा वरचा मजला, कारण छत गळतंय तिथे बिघाड वेगाने होतोय.

लांब व्हरांड्याचा त्रास वेगळा. एकामागून एक स्कॅन फक्त आकार जुळवून जोडत गेलं तर प्रत्येक जोडातली किंचित चूक पुढे साठत जाते. ०.०२ अंशाची तिरपी चूकसुद्धा ६० मीटरवर २१ मिलिमीटर होते. पडद्यावर व्हरांडा सरळ दिसतो, पण शेवटच्या वर्गाची भिंत दुहेरी उमटते, एक पलीकडून मोजलेली आणि एक अलीकडून. उपाय एकच: वळसा पूर्ण करा. एका जिन्याने वर, व्हरांडाभर, दुसऱ्या जिन्याने खाली, आणि दोन्ही टोकांना दारातून बाहेरच्या पक्क्या बिंदूंना बांधा. जिन्याच्या वळणावर घाई करू नये. वरचा आणि खालचा मजला तिथेच जोडला जातो, म्हणून एका जिन्याला चार जागा.

व्हरांड्यातल्या हात धुण्याच्या लांब स्टीलच्या मोऱ्या आणि त्यांवरचे आरसे खोटे बिंदू देतात. आरशामागे आणखी एक व्हरांडा असल्यासारखा दिसतो. हे बिंदू नंतर गाळायचे असतात, पण आरसा कुठे आहे हे जागेवरच नकाशावर लिहून ठेवलं नाही तर महिन्याने बसलेल्या माणसाला खरं-खोटं ओळखता येत नाही.

धुळीबद्दल दोन गोष्टी. तिवईच्या पायांखाली रबरी तळाची तिकोनी चौकट ठेवायची आणि तिला पिशवी घालायची. वर्ग बदलताना दारातच पिशवी बदलायची आणि जुनी उलटी करून कचऱ्याच्या थैलीत टाकायची. आणि स्पंजाची पेटी आत उघडायची नाही. स्पंजात बसलेली धूळ निघत नाही. साधनं गुळगुळीत प्लॅस्टिकच्या डब्यातून न्यावीत. पंखा असलेला लॅपटॉप तर आत न्यायचाच नाही, तो हवेबरोबर धूळ ओढतो. स्कॅन नीट आलाय का ते टॅबलेटवर पाहता येतं.

काही जण फक्त फिरता आभासी दौरा तयार करणारा कॅमेरा घेऊन येतात. लवकर होतं, लोकांना पाहायला सोपं जातं, आणि आम्हीही एक दौरा घेतला. पण अवरक्त प्रकाशाच्या नमुन्यावर अंतर मोजणारे जुने कॅमेरे पाचेक मीटरच्या आतच काम करतात आणि खिडकीतून ऊन आलं की त्यांचं माप बिघडतं. शिवाय दौरा कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. सेवा बंद झाली की तो गेला. त्यातून बिंदूंची ई५७ फाइल (स्कॅनसाठीचं खुलं स्वरूप) काढून घेता येत असेल तर त्याच आठवड्यात काढून घ्यावी.

चौथा दिवस: फळा, बाकं, चपलांचे कप्पे

सकाळी ढग होते, आणि छायाचित्रांना ढगाळ दिवसासारखं दुसरं काही नाही. जपानी शाळेत बहुधा वर्ग दक्षिणेला आणि व्हरांडा उत्तरेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यात इथे दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४ अंशांवर येतो. खिडकीची वरची कड पावणेतीन मीटरवर असेल तर ऊन चार मीटर आत येतं आणि अर्ध्या वर्गावर पट्टे पडतात. ऊन असेल तेव्हा व्हरांडा आणि उत्तरेच्या खोल्या घ्याव्यात, किंवा खिडकीबाहेर काठ्यांवर पांढरं कापड लावावं. खिडकीला हात न लावता.

दोन कॅमेऱ्यांवर दोन लेन्स कायमच्या, २४ आणि ५० मिलिमीटरच्या. आत लेन्स बदलायची नाही. लेन्सचं छिद्र एफ ८, आयएसओ १०० ते ४००, तिवई, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल, रंगाचा समतोल हाताने ठरवलेला. प्रत्येक खोलीत आणि उजेड बदलला की पुन्हा, २४ चौकोनांच्या रंगपट्टीचा एक फोटो. शेजारच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो. २४ मिमी लेन्सने २ मीटरवरून घेतलं तर जमिनीवर तो अर्धा मिलिमीटर भरतो. खोलीला हे पुरेसं आहे. अक्षरांना नाही.

फळ्यासाठी ५० मिमी आणि तेच २ मीटर अंतर: पिक्सेल पाव मिलिमीटरचा, एका फोटोत साधारण १.४ बाय ०.९६ मीटर. नेहमीचा फळा ३.६ बाय १.२ मीटरचा. आठ-आठ फोटोंच्या तीन ओळी, म्हणजे २४. मग दिवे बदलून पुन्हा २४. पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, म्हणजे हिरव्या पृष्ठभागावर चकाकी येत नाही. दुसऱ्यांदा एकच दिवा अगदी कडेने, फळ्याला जवळजवळ चिकटून. या उजेडात डस्टरने पुसलेल्या ओळीही उठून येतात. फळ्याच्या उजव्या कडेला उभी लिहिलेली तारीख असते, तिसरा महिना, अकरा तारीख, शुक्रवार, आणि तिच्याखाली त्या दिवशीच्या पाळीच्या मुलांची नावं. खडू ओलाव्याने आणि बुरशीने झडतो, म्हणून फळ्यांचं काम सगळ्यांत आधी. फुंकर घालू नये, ब्रश लावू नये, धूळ दिसली तर धुळीसकट घ्यावं.

बाकांवर काम करताना सगळ्यांत मोठी भीती वरून काही पडायची. आडव्या दांड्यावर कॅमेरा लावला तर त्याला दोरी हवी, हेल्मेटवरचा दिवा घट्ट हवा, खिसे रिकामे हवेत. एका बाकाला दोन उंचींवर बारा-बारा आणि वरून चार, असे २८ फोटो. प्रत्येक बाकाला इयत्ता, रांग आणि जागेप्रमाणे क्रमांक द्यायचा: व२-०३-०४ म्हणजे दुसरी इयत्ता, तिसरी रांग, चौथं बाक. क्रमांकाची चिठ्ठी बाकावर ठेवायची नाही. पहिल्या फोटोत हाताने धरायची. पहिलीच्या वर्गात दप्तरांवर पिवळी आवरणं दिसतात, पहिलीच्या मुलांना ती रस्त्यावर ओळखू यावं म्हणून देतात. पिवळा रंग कॅमेऱ्यात सहज जळतो, म्हणून त्या वर्गात एक पायरी कमी उजेडाचे फोटोही घेतले.

दुपार सगळी चपलांच्या कप्प्यांवर गेली. तेवढी द्यायलाच हवी होती. जपानी शाळेत दारातच बाहेरचे बूट काढून कप्प्यात ठेवतात आणि आतले पांढरे बूट घालतात. शुक्रवारी बरीच मुलं आतले बूट धुवायला घरी नेतात. भूकंप झाला शुक्रवारी दुपारी २:४६ ला. म्हणजे एखाद्या कप्प्यात बाहेरचे बूट असतील तर ते मूल त्या वेळी इमारतीत होतं आणि आतल्या बुटांनीच मैदानात पळालं. कप्पा रिकामा असेल तर बहुधा ते आधीच घरी निघालं होतं आणि धुवायचे बूट सोबत होते. आतले बूट असतील तर ते घरी गेलेलं, नेहमीच्या सवयीने बूट ठेवून, किंवा त्या दिवशी आलेलंच नव्हतं. एकेका कप्प्यातून एकेका मुलाची ती वेळ वाचता येते, आणि असं वाचता येणारी दुसरी जागा शाळेत नाही. कोणी चांगल्या हेतूने बूट नीट लावून ठेवले तर हे सगळं पुसलं जाईल.

म्हणून कप्प्यांचा एकत्र फोटो पुरत नाही. ५० मिमीने १ मीटरवरून एफ ८ ला साधारण १९ सेंटिमीटर खोलवरचाच भाग स्पष्ट येतो आणि कप्पा ३० सेंटिमीटर खोल असतो. तेव्हा प्रत्येक चौकटीचे दोन फोटो, एकात कप्प्याची पुढची कड टिपायची, दुसऱ्यात मागची भिंत. दिवा लेन्सच्या अगदी शेजारी, नाहीतर वरच्या फळीची सावली बुटांवर पडते. मोजपट्टी कप्प्याच्या पुढे, आपल्या स्टँडवर. नोंदवहीत प्रत्येक कप्प्याला चारच शब्द: बाहेरचे, आतले, दोन्ही, रिकामा. अर्थ तिथे लिहायचा नाही. अर्थ शिक्षकांना आणि हजेरीला विचारून नंतर.

पाचवा दिवस: बाहेर आणि व्यायामशाळा

हे काम तुलनेने सरळ. इमारतीभोवती दर १० मीटरला एक स्कॅनजागा, व्यायामशाळेला सहा. ड्रोन वापरायचा विचार असेल तर तो महिनोनमहिने आधी करावा. १०० ग्रॅमवरच्या ड्रोनची नोंदणी जून २०२२ पासून सक्तीची आहे, अणुवीजकेंद्रांभोवती उड्डाणाला कायद्याने बंदी आहे, आणि प्रवेशबंदी क्षेत्रात नगराची वेगळी परवानगी लागते. सहा मीटरच्या काठीवरचा कॅमेरा छपराची कड आणि पन्हाळी पुरेशा दाखवतो. व्यायामशाळेत आवाज कसा घुमतो त्याचीही नोंद घेतली, लाकडी पाट्या आपटून, कारण फुगा फोडला तर त्याचे तुकडे पडतात.

मैदानावर मातीचा थर काढलेला असेल तर तसं नोंदवावं. २०११ चं मैदान आणि आताचं मैदान एकच समजलं तर चूक होईल.

सहावा दिवस: नामिएत, टेबलावर

आज आत जायचं नाही. रोज संध्याकाळी कार्डं उतरवली होती, तीच सगळी आज पडताळली. सहा हजार रॉ फोटो, प्रत्येकी सुमारे ३० मेगाबाइट, म्हणजे १८० गिगाबाइट; स्कॅन त्याहून जास्त. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) कार्डावरून उतरवतानाच काढायचा. नंतर काढलेला ठसा उतरवतानाच बिघडलेल्या फाइललाही बरोबर म्हणेल. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ जुळतं का हे पाहायला रोज सकाळी दोन्हींनी एकच घड्याळ टिपलेलं असतं. ते आज उपयोगी पडलं.

मूळ ठेव म्हणून स्कॅन ई५७ स्वरूपात, फोटो कॅमेऱ्याच्या मूळ रॉ आणि डीएनजी (रॉ फोटोंचं खुलं स्वरूप) दोन्हींत. फोटोंवरून धूसर रंगीत ठिपक्यांनी बनवलेलं गॉशियन स्प्लॅटिंगचं दृश्य पडद्यावर फार सुंदर दिसतं, काचा आणि धूळसुद्धा खरी वाटते, पण त्यावर मोजू नये. ते बघण्यासाठी आहे. मूळ फोटो असतील तर दहा वर्षांनी याहून चांगली पद्धत आली की तीही चालवता येईल. फक्त दृश्य ठेवलं आणि मूळ टाकलं तर तो रस्ता बंद.

वर्गनिहाय भोकं शोधली. प्रत्येक वर्गाची जमिनीपासून ३० सेंटिमीटरवरची आडवी चकती कापून पाहिली की बाकांमागच्या काळ्या सावल्या लगेच दिसतात. तीन वर्गांत खिडकीकडच्या रांगेखाली काहीच नव्हतं, एका जिन्याच्या वळणावर सामाईक भाग कमी होता. उद्याच्या फेरीची यादी एवढीच, क्रमाने, प्रत्येकापुढे मिनिटं लिहून.

मग नावं. फळ्यावर, दप्तरांवर, बुटांच्या टाचेवर, भिंतीवरच्या चित्रांखाली, सगळीकडे मुलांची नावं आहेत. ती मुलं आज मोठी झालीत, कुठे कुठे राहतात, आणि ‘तिकडची’ म्हणून ओळख लागलेली सगळ्यांना आवडते असं नाही. म्हणून दोन प्रती केल्या. पूर्ण प्रत नगराकडे, बंद. लोकांसाठीच्या प्रतीत नावं झाकलेली. झाकायचं ते मूळ फोटोंच्या प्रतींत आणि मग त्यांवरून मॉडेल पुन्हा बनवायचं. मॉडेलवर वरून पट्टी लावली तर खालच्या टेक्स्चर फाइलमध्ये (मॉडेलवर चढवलेल्या चित्रात) नाव तसंच राहतं आणि कोणीही ते उघडू शकतं. अक्षरं शोधणारं सॉफ्टवेअर लहान मुलांचं वाकडं हिरागाना (जपानी अक्षरं) बऱ्याचदा गाळतं. दोन माणसांनी वेगवेगळं पाहून याद्या जुळवणं याला पर्याय सापडलेला नाही. ज्या कुटुंबाला आपल्या मुलाचं बाक पाहायचं असेल त्यांना पूर्ण प्रतीतला तेवढा भाग दाखवायचा, आणि झाकलेलं उघडं ठेवा असं कोणी म्हटलं तर त्यांची लेखी संमती त्या बाकाच्या क्रमांकाशी जोडून ठेवायची.

सातवा दिवस: उरलेलं

यादीतली ठिकाणं दुपारपर्यंत झाली. दोऱ्या आणि काठ्या लावल्या त्याच्या उलट क्रमाने काढल्या, आणि प्रत्येक वर्गाचा दारातून एक शेवटचा फोटो पहिल्या फेरीतल्या फोटोच्या कोनातच घेतला. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून पाहिले की आपल्या येण्याने काही हललं का ते कळतं. एका वर्गात दाराजवळचा कागद हाताच्या रुंदीएवढा सरकलेला निघाला, बहुधा दार उघडताना आलेल्या वाऱ्याने. तो परत जागेवर ठेवला नाही. दोन्ही जागा आणि तारीख नोंदीत घातली.

नगराला दिलेल्या पेटीत दोन हार्डडिस्क, छापील नोंदवही, किरणोत्साराच्या आकड्यांचा नकाशा आणि बाहेरच्या सहा बिंदूंचं वर्णन आहे: प्रत्येकाचा निर्देशांक, जवळच्या तीन खुणांपासूनचं अंतर आणि फोटो. पुढच्या वेळी येणाऱ्यांनी, मग ते कोणीही असोत, याच बिंदूंवरून सुरुवात करावी आणि आधी वरच्या मजल्याचं पूर्वेकडचं टोक पाहावं. छत तिथेच सर्वांत जास्त गळतंय.